खाल्ल्या मिठाचा प्रश्न : ‘सामना’तील सत्ता आणि विद्रोह

मराठी साहित्याच्या अभ्यासात नाट्यसंहितेला जे स्थान मिळाले ते पटकथेला मिळालेले नाही. विजय तेंडुलकरांच्या नाटकांवर विपुल लेखन झाले. त्यांच्या पटकथांचा उल्लेख मात्र बहुधा सूचीपुरताच होतो. डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि रामदास फुटाणे यांनी निर्मिलेल्या ‘सामना’ (१९७४) या चित्रपटाची पटकथा तेंडुलकरांचीच आहे. १९७५ साली हा चित्रपट बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धा विभागात दाखविला गेला. मराठीतील राजकीय उपरोधाचा विचार या संहितेला वगळून करता येणार नाही. तिच्यातील हुकूमशाहीचे स्वरूप कोणते आणि तिच्याविरुद्धचा विद्रोह कोणत्या मार्गाने येतो, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घ्यावयाचा आहे.

हुकूमशाहीवरील उपरोध म्हटला की चार्ली चॅप्लिनचा ‘द ग्रेट डिक्टेटर’ (१९४०) आठवतो. तेथे हुकूमशहा गणवेशातून आणि आवेशपूर्ण भाषणांतून ओळखू येतो. ‘सामना’तील हिंदुराव धोंडे-पाटील असा ओळखू येत नाही. तो साखर कारखानदारीतून उभा राहिलेला, लोकांना ‘आपला’ वाटणारा पुढारी आहे. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६२ मध्ये अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदा यांतून ग्रामीण महाराष्ट्रात सत्तेची नवी केंद्रे निर्माण झाली. त्यांनी शेतकऱ्याला काही प्रमाणात बळ दिले, हे नाकारता येत नाही. परंतु कारखाना, पतपुरवठा आणि राजकारण एकाच हाती एकवटले, की लोकशाहीच्या चौकटीतच एक छोटे संस्थान उभे राहते. तेंडुलकरांच्या उपरोधाचा रोख या संस्थानावर आहे.

या संस्थानाचे मुख्य शस्त्र दहशत नसून उपकार हे होय. गावात येऊन पडलेल्या एका मद्यपी वृद्धाला, मास्तरला, हिंदुराव आश्रय देतो; त्याला खाऊ घालतो, पाजतो, आपले वैभव दाखवितो. या पाहुणचारात आपुलकी आहे, तशीच मालकीही आहे. ‘खाल्ल्या मिठाला जागावे’ हा आपल्याकडील सर्वमान्य नीतिनियम. त्याच नियमाच्या आधारे सत्ता लोकांची तोंडे बंद करते, हे या संहितेचे मर्मग्राही निरीक्षण आहे.

मास्तर हा नियम मोडतो. मारुती कांबळे या माजी सैनिकाचे काय झाले, हा प्रश्न तो यजमानालाच विचारतो आणि विचारीत राहतो. स्वातंत्र्यलढ्याची पार्श्वभूमी असलेला हा ध्येयवादी माणूस व्यसनाधीन आहे. त्याच्याजवळ संघटना नाही, गमावण्यासारखी प्रतिष्ठाही नाही. म्हणूनच तो कृतघ्न होऊ शकतो. ही कृतघ्नता हेच त्याचे नैतिक धैर्य. रूढ क्रांतिनायकाचे आणि पुढाऱ्याचे, असे दुहेरी विडंबन येथे साधले आहे.

तेंडुलकरांच्याच ‘घाशीराम कोतवाल’शी (१९७२) तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथे जमावाचा क्षोभ घाशीरामाचा बळी घेतो आणि त्याला निर्माण करणारा नाना अबाधित राहतो. ‘सामना’त प्रत्यक्ष सत्ताधीशच कायद्याच्या कक्षेत येतो. तथापि व्यक्ती गेली म्हणून व्यवस्था गेली, असे म्हणता येत नाही. पटेल-तेंडुलकरांच्याच ‘सिंहासन’मध्ये (१९७९) प्रश्न विचारणाऱ्या पत्रकाराचे मानसिक संतुलन ढळते. हिंदुराव साकारणाऱ्या निळू फुले यांनीच ती भूमिका करावी, हा योगायोगही सूचक वाटतो.

या संहितेची एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. मारुती कांबळेची कथा आपल्यापर्यंत इतरांच्या कथनातून पोहोचते. त्याचा प्रश्न मास्तर विचारतो. त्याचा स्वतःचा आवाज मात्र दुय्यम राहतो. ज्यांच्या श्रमावर साखरेचे अर्थकारण उभे आहे, तो ऊसतोड मजूरही चित्रपटाच्या केंद्रस्थानी येत नाही.

बीड जिल्ह्यातील अध्यापकाला ही उणीव विशेष जाणवते. दिवाळीच्या सुमारास येथील हजारो कुटुंबे मुकादमाकडून घेतलेल्या उचलीच्या मोबदल्यात ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’, असा तेथील हिशेब. उचल अडचणीच्या वेळी मिळते म्हणून ती उपकारासारखी भासते. हंगाम संपला तरी न फिटल्यास तीच माणसाला पुढच्या हंगामाशी बांधून ठेवते. हिंदुरावाचा पाहुणचार आणि ही उचल यांची जात एकच. अशा कुटुंबांतून आलेल्या विद्यार्थ्यांना ‘सामना’ शिकविताना ‘मीठ नेमके कोणाचे?’ हा प्रश्न वर्गात मांडला पाहिजे. ऊस तोडणाऱ्याने कारखान्याचे मीठ खाल्ले, की कारखान्याने त्याचे, याचा निर्णय झाल्यावाचून मास्तरच्या कृतघ्नतेचे मोल आपल्याला कळणार नाही.