उसण, कोयता आणि चिनी सुई

केज तालुक्यातल्या आमच्या युसूफ वडगावात कंबर दुखत नाही अशी बाई शोधून सापडायची नाही. ऊसतोडीला जाणारीची दुखते आणि मागे राहून घर, गुरं, म्हातारीकोतारी सांभाळणारीचीही दुखते. अंगणवाडीत पोरं उचलून, वाकून वजनं घेऊन, जमिनीवर बसून रजिस्टरं भरून माझीही धरली. पुढे पुण्याला मावशीकडे राहून चिनी सुया, म्हणजे ॲक्युपंक्चर, टोचून घेतल्या, घरी व्यायाम धरला आणि उठबस सुधारली. आता बायका मला विचारतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

१. उसण भरली म्हणजे कंबर मोडली नव्हे.

वाकून उठताना चमक निघते आणि माणूस जागच्या जागी अडकतो. आमच्याकडे अशा वेळी पायाळू माणसाला बोलावून कमरेला पाय लावून घेतात. लावू द्या, फक्त हलका. जोराची लाथ नको. अशी बहुतेक दुखणी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपसूक उतरतात. निर्गुडीचा पाला बांधा, मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेका, स्नायू सैल पडतात. पण खाटेला खिळू नका. एखाद-दुसरा दिवस आराम पुरे, मग हळूहळू घरात, अंगणात फिरायला लागा. पडून राहिलं की स्नायू आळसावतात आणि उठण्याची भीती वाढते.

२. उठल्या उठल्या वाकू नका.

रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, तेव्हा वाकलं तर त्यांच्यावर ताण जास्त येतो. आणि आपल्याकडे बाईचा दिवस सुरू होतो तोच कमरेत वाकून: झाडलोट, सडा, शेण. लांब दांड्याचा झाडू घ्या. चहा-पाणी, भाकरी आधी उरका, अंगण नंतर झाडा. हंडा उचलताना एक गुडघा टेका आणि हंडा पोटाशी घ्या. सासूबाई नाराज होतील, त्यांनाही हेच शिकवा.

३. व्यायाम थोडे, पण रोजचे.

सतरंजीवर जागा झाली की पुरे. आधी हात-गुडघे टेकून मांजरासारखी पाठ वर उचलायची, मग सावकाश खाली सोडायची. मग त्याच अवस्थेत उजवा हात पुढे, डावा पाय मागे लांब करायचा, दहा आकडे मोजायचे आणि बाजू बदलायची. कमरेवर पाण्याचा तांब्या ठेवलाय असं समजा, तो कलंडू द्यायचा नाही. त्यानंतर उताणं झोपून, गुडघे दुमडून, कुल्हे उचलायचे. योगात याला सेतुबंध म्हणतात. हे तीन मला सगळ्यात उपयोगी पडले. श्वास कोंडायचा नाही.

चौथा प्रकार पाहून करायचा. पालथं पडून कोपरांवर रेलायचं. पायात उतरणारी कळ त्यामुळे वर सरकून कमरेपाशी गोळा झाली तर चांगली खूण, चालू ठेवा. कळ आणखी खाली पोटरीकडे, पावलाकडे निघाली तर ताबडतोब थांबा.

आणि चाला. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांचा अभ्यास झाला, तो २०२४ साली छापून आला. ज्यांना टप्प्याटप्प्याने चालणं वाढवायला शिकवलं त्यांचं दुखणं साधारण २०८ दिवसांनी उलटलं; बाकीच्यांचं ११२ दिवसांनी. चालायला पैसा लागत नाही. बाया म्हणतात, आम्ही दिवसभर चालतोच. पण डोक्यावर ओझं घेऊन चालणं वेगळं आणि हात मोकळे सोडून चालणं वेगळं.

४. चिनी सुयांकडून जेवढं मिळतं तेवढं घ्या.

या सुयांशी आपलं नातं जुनं आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, सुयांचे नव्हेत. पण त्याच पथकातले डॉ. बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, तिथे ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकत्यात त्यांनी हे उपचार सुरू केले. आपल्या राज्यात तर ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि नोंदणीसाठी परिषदही आहे. म्हणून सुया टोचणाऱ्याला नोंदणी विचारायला लाजू नका. पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा, सुई एकदाच वापरायची असते.

सुई इंजेक्शनच्या सुईपेक्षा पुष्कळ बारीक असते. टोचल्यावर आत जडपणा येतो, मग कंबर उबदार होऊन सैल पडते. मला सुया टोचल्या त्या रात्री कूस बदलताना कळ आली नाही, हे मी विसरणार नाही.

तरी खरं सांगायला हवं. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २००७ साली ती प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी, चिनी शास्त्राप्रमाणे सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना फरक पडला. भलत्याच जागी, वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीच्या औषध-व्यायामाच्या उपचारात २७.४ टक्क्यांना. म्हणजे सुयांनी आराम पडतो, पण नेमक्या बिंदूचं महत्त्व सांगतात तेवढं दिसत नाही. कोणी निवांत झोपवून, लक्ष देऊन अंगाला हात लावतं, त्याचाही वाटा असणार असं मला वाटतं. आमच्या बायकांच्या अंगाला असा हात कोण लावतं? सुयांनी मला व्यायाम सुरू करता येईल एवढी उसंत दिली. पुढचं काम व्यायामानं केलं.

पुण्याला जाणं जमत नसेल तर घरी दाबून पाहा. गुडघ्यामागच्या खळगीच्या मधोमध एक बिंदू आहे, चिनी वैद्यकात त्याला वेइझोंग म्हणतात आणि कंबर-पाठीसाठी तो फार जुन्या काळापासून वापरतात. दुसरा शेनशू, कमरेला मणक्यापासून दोन बोटं बाजूला, दोन्हीकडे. अंगठ्याने सोसेल इतकं दाबा. सुई मात्र घरी कोणी टोचू नये. गरोदर बाईने हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

५. कमरेच्या पट्ट्यावर पैसे घालू नका.

जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. व्यायाम, समजावून सांगणं, मालिश, सुया यांना त्यात जागा आहे. पट्टे आणि वजन लावून कंबर ताणणं नेहमीसाठी करू नका, असं त्यात म्हटलं आहे.

६. पुड्या नकोत.

बाजारात हाडाच्या दुखण्यावर म्हणून बिननावाच्या पुड्या मिळतात, चिनी म्हणूनही काही विकतात. दोन दिवसांत चमत्कार झाला तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. आणि काही चिनी मुळ्यांत ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन उतरवायला अशी औषधं घेतलेल्या बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर पोटात घेऊ नका.

७. ही लक्षणं दिसली तर शेकत बसू नका.

लघवी-संडासवर ताबा न राहणं, जांघेत बधिरपणा, पाऊल उचलता न येणं: त्याच दिवशी अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठा. ताप, वजन घटणं, रात्री झोपू न देणारं दुखणं असेल तर मणक्याचा क्षयही असू शकतो. तो औषधाने बरा होतो, उशीर करू नका.

८. कंबर दुखते म्हणून गर्भपिशवी काढू नका.

हे सगळ्यात महत्त्वाचं. ऊस कोयत्याने बुडाशी तोडावा लागतो, म्हणून दिवसभर ओणवं राहायचं. मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. पाळीतही सुट्टी नाही, फडात संडास नाही, पाणी नाही. मग ओटीपोट दुखतं, अंगावरून जातं, कंबर धरते, आणि सगळ्यावर एकच इलाज सांगितला जातो: पिशवी काढा. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत आपल्या बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यात तरुण बायकाही होत्या. पांढरं जाणं, जंतुसंसर्ग बहुतेक वेळा गोळ्यांनी बरा होतो. कंबर तर स्नायूंनी आणि मणक्यांनी धरलेली असते, पिशवी काढून ती सुटत नाही. उलट बीजकोशही काढले तर पाळी एकदम जाते, हाडं लवकर ठिसूळ होतात, आणि त्याच हाडांवर पुढच्या हंगामात मोळ्या घ्यायच्या असतात.

कधी ऑपरेशन खरोखरच लागतं, नाही म्हणत नाही. पण कागदावर अंगठा उठवण्याआधी अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. सोबत कोणी नसेल तर अंगणवाडीत येऊन मला सांगा. मदतनीस पोरं सांभाळेल, मी येते.