भूखंड केवढा असावा?

विद्यार्थी मित्रांनो, 'गुंठा' हा शब्द तुम्ही घरी ऐकला असेल. "चाचांनी गावाबाहेर एक गुंठा घेतला," असे मोठी माणसे बोलतात. गुंठा हे जमिनीचे माप आहे. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. गुणाकार करून पाहा. १,०८९ चौरस फूट होतात. असे ४० गुंठे मिळून एक एकर होतो.

घर बांधण्यासाठी आखलेल्या जमिनीच्या तुकड्याला भूखंड म्हणतात. बोलताना आपण त्याला प्लॉट म्हणतो. तुम्ही विचाराल, "जमीन आमची, पैसे आमचे. मग प्लॉट केवढा असावा, हे नगरपालिकेने का ठरवावे?" याचे उत्तर इतिहासात सापडते.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्त्यांत ऊन आणि वारा पोहोचत नव्हता. तेथे हजारो माणसे दगावली. मग शहर आखून वसवण्याची गरज सरकारला पटली. १८९८ साली 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंगा भागात प्लॉट पाडून नवी वस्ती वसवली. १९१५ साली मुंबई प्रांतात नगररचनेचा कायदा झाला. आज महाराष्ट्रात हे काम १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे चालते.

ते कसे चालते, पाहू या. नगरपालिका किंवा महानगरपालिका शहराचा विकास आराखडा तयार करते. घरे कोठे, कारखाने कोठे आणि शेती कोठे, हे त्यात ठरते. मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडायचे असतील, तर मालकाला आधी नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. या नकाशाला लेआउट म्हणतात. प्लॉट किमान केवढा असावा, रस्ता किती रुंद असावा, घराभोवती किती जागा सोडावी, हे नियमांत लिहिलेले असते. मुंबई सोडून राज्यातील बहुतेक शहरांत, जमीन ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी असेल, तर दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. मुलांना खेळायला ती जागा मिळते.

परंतु मंजूर लेआउटमधील प्लॉट महाग असतो. माग चालवून किंवा शिलाई करून पैसे जमवणाऱ्याला तो परवडत नाही. मग कोणीतरी शेतात चुन्याच्या रेघा मारतो आणि परवानगी न घेताच एकेक गुंठा विकतो. यालाच गुंठेवारी म्हणतात. घरे उभी राहतात, पण गटार नसते. गल्ली इतकी अरुंद असते की आगीचा बंब आत येत नाही. अशी घरे पाडली, तर हजारो कुटुंबे उघड्यावर येतील. म्हणून २००१ साली महाराष्ट्राने गुंठेवारीचा कायदा केला. खाजगी जमिनीवरील असे जुने प्लॉट शुल्क भरून नियमित करण्याची सोय त्यात आहे. पुढे २०२१ साली ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटनाही ही सोय मिळाली.

मग लहान प्लॉट वाईटच असतो का? तसे नाही. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात एका घराला साधारणपणे किमान ५,००० चौरस फुटांचा प्लॉट लागत असे. १९९८ साली शहराच्या मध्यभागासाठी ही मर्यादा काही अटींवर १,४०० चौरस फुटांपर्यंत खाली आणली गेली. म्हणजे सुमारे सव्वा गुंठाच! २०१३ साली ही सवलत इतर भागांनाही मिळाली. जेथे एक घर होते, तेथे दोन-तीन घरे झाली.

यावरून काय दिसते? प्लॉट लहान असणे हा दोष नाही. रस्ता, पाणी आणि गटार नसणे हा दोष आहे. नियम नसला, तर वस्ती कोंडते. नियम फार मोठा प्लॉट मागू लागला, तर गरीब माणूस बेकायदा प्लॉटकडे वळतो. नियम असा हवा, की लहान माणसालाही त्यात राहून घर बांधता येईल.

मित्रांनो, आपल्याकडे जमिनीची कागदपत्रे मराठीत असतात. तुमच्या घरात ती वाचू शकणारे कदाचित तुम्हीच असाल. अब्बा प्लॉट पाहायला निघाले, तर सोबत जा आणि विचारा: सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे? लेआउट मंजूर आहे का? समोरचा रस्ता नकाशात आहे का? खरेदीखताची नोंदणी होईल का? चार प्रश्न वेळेवर विचारले, तर आयुष्याची कमाई वाचते.

स्वाध्याय

१. एक गुंठा म्हणजे किती चौरस फूट?
२. मुंबईत शहर आखून वसवण्याची गरज का वाटली?
३. गुंठेवारी म्हणजे काय? तेथील लोकांना कोणत्या अडचणी येतात?
४. तुमच्या गल्लीची रुंदी मोजा. तेथून आगीचा बंब जाऊ शकेल का, ते पाच वाक्यांत लिहा.