गळ आणि मरळ

दोन दिवसांचे सामान पाठीवर घेऊन तुम्ही कधी पायी निघाला आहात का? सामान तरी किती? भाकरी, ठेचा, चादर, टॉर्च आणि पाण्याची बाटली. मागच्या वर्षी ऑगस्ट महिन्यात पावसाने आठ दिवस उघडीप दिली, तेव्हा आम्ही चौघे असे निघालो. मी, मुलांची अम्मी, सातवीत शिकणारा मुलगा आणि त्याची धाकटी बहीण.

खरे म्हणजे मुलाने मला गळ घातली होती. या शब्दाची गंमत पाहा. बाभळीचा काँटा, माशातला काँटा आणि मासे धरण्याचा काँटा, या तिन्हींसाठी उर्दूत एकच शब्द आहे. मराठीत पहिले दोन 'काटे' आहेत, तिसरा मात्र 'गळ'. आणि एखाद्याला 'गळ घालणे' म्हणजे तो हो म्हणेपर्यंत आग्रह करणे. माझ्या मुलाने मला गळ घातली, ती गळासाठीच!

त्याने एका पुस्तकात ट्राउट माशाचे चित्र पाहिले होते. "अब्बा, पैनगंगेत ट्राउट सापडेल का?" असे तो रोज विचारी. सापडणार नाही. ट्राउटला थंड, खळाळते पाणी लागते. पाणी 20 अंशांच्या वर तापू लागले की तो कासावीस होतो. काश्मीरमध्येही तो मूळचा नाही. सुमारे 1900 साली ब्रिटनमधून त्याची अंडी तेथे आणली गेली. पाणी थंड होते, म्हणून तो तेथे रुजला. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तर मे महिन्यात पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो. इथल्या पाण्यात राहणारा मासा वेगळ्या हाडाचा हवा.

उमरखेडहून हदगावकडे जाताना मार्लेगावजवळ पैनगंगेचा पूल लागतो. तेथे आम्ही एस.टी.तून उतरलो आणि काठाकाठाने चालू लागलो. वरच्या बाजूला इसापूर धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की नदी भराभर चढते, म्हणून आदल्या दिवशीच आम्ही चौकशी करून ठेवली होती. तुम्हीही विचारल्याशिवाय पावसाळ्यात नदीकाठी जाऊ नका. बरेच पुढे, खालच्या बाजूला पैनगंगा अभयारण्य आहे. तेथे मासे धरायला मनाई आहे. आम्हाला तितक्या लांब जायचे नव्हते.

वाट कपाशीच्या शेतांमधून होती. काळी माती चपलांना अशी चिकटे की दर दहा पावलांनी पाय जड होत. धाकटीने शेवटी चपला हातात घेतल्या. दोन तासांनी आम्ही ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या शेतावर पोहोचलो. शेताच्या कडेला एक नाला आहे. तो नदीला मिळण्याआधी त्याचा छोटा डोह झाला आहे.

बांबूची काठी, नायलॉनची दोरी, दोरीला गळ, गळाला गांडूळ. तरंगायला ज्वारीच्या वाळलेल्या धांड्याचा तुकडा. असा सगळा थाट करून मुलगा बसला. तासभर काहीच झाले नाही. मग तो एकदम ओरडला, "अब्बा, ते बघा!"

पाण्यावर लालसर नारिंगी रंगाचा एक ठिपका हलत होता. ताटाएवढा. जवळून पाहिले तर ती शेकडो बारीक पिले होती. सगळी एकदम वर येत, पाण्यावर बुडबुडे उठत, मग सगळी खाली जात. ती मरळ माशाची पिले होती. मरळाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवा साठवायची जागा असते. तो पाण्यावर येऊन हवेचा घोट घेतो. त्यामुळे गढूळ, कोमट, आटत चाललेल्या डबक्यातही तो जगतो. वर येऊच दिले नाही, तर मात्र मासा असूनही तो पाण्यात गुदमरून मरतो.

मुलाने घाईघाईने त्या ठिपक्याकडे गळ फेकायला काठी उचलली. मी काहीच बोललो नाही. पलीकडे जाळे विणत बसलेले भोईकाका मात्र बोलले, "मास्तर, पोराले सांगा, तिथं गळ नका टाकू. खाली मायबाप हायेत."

काका म्हणाले ते खरे होते. मरळ पिलांच्या खाली राहून पहारा करतो. जवळ काहीही आले की त्यावर झडप घालतो. म्हणूनच त्या वेळी तो गळाला सहज लागतो.

मुलाने काठी खाली ठेवली. थोड्या वेळाने त्याने विचारले, "अब्बा, तुम्हाला हे माहीत होते?"

माहीत होते. मी त्याच्याएवढा असताना अशाच लाल ठिपक्यात गळ टाकला होता. हातभर लांब मरळ निघाला. घरी कौतुक झाले, कालवण झाले. संध्याकाळी मी पुन्हा डोहावर गेलो. पहाऱ्याला कोणी उरले नव्हते. दुसरे मासे त्या पिलांवर तुटून पडत होते आणि ठिपका मुठीएवढा राहिला होता. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. त्या दिवशी मुलाला सांगितले. तो काही बोलला नाही. दोरी गुंडाळून तो नदीच्या बाजूच्या खडकाकडे गेला.

तेथे अंधार पडेपर्यंत त्याला दोन लहान शिंगटे मिळाले. एकाचा काटा त्याच्या बोटात घुसला. अम्मीने चुलीवर रस्सा केला. चौघांत वाटून प्रत्येकाला दोन-दोन घास आले.

सकाळी परतताना आम्ही डोहापाशी थांबलो. ठिपका पलीकडच्या गवताखाली गेला होता. धाकटी पिले मोजू लागली. साठपर्यंत मोजून तिचा गोंधळ झाला. तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली आणि आमची एस.टी. चुकली.