हिशेबाची दुसरी प्रत कोठे आहे?

व्यापारी बंधूंनो, 26 जुलै 2005 च्या पुरात मुंबईतील अनेक दुकानांतील वह्यांचा लगदा झाला. आज हिशेब संगणकात आला, पण जोखीम संपलेली नाही, तिचे रूप बदलले आहे.

माझाच अनुभव सांगतो. उधारीची खाती आणि कापडाच्या डिझाइन आम्ही गूगल ड्राइव्हवर ठेवत होतो. त्या दुकानाच्या संगणकावरही दिसत आणि पुतण्याच्या मोबाइलवरही. माल दोन ठिकाणी आहे, असे समजून मी निर्धास्त होतो. पुतण्याने जागा करण्यासाठी मोबाइलवरून एक जुने फोल्डर पुसले. ते दुकानातूनही गेले. ड्राइव्हच्या कचरापेटीत पुसलेली फाइल 30 दिवस राहते. आमच्या ध्यानात आले चाळिसाव्या दिवशी. कोणाकडे किती येणे आहे, हे गिऱ्हाइकांनाच विचारत फिरावे लागले.

यातून धडा असा, की सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक हा आरसा आहे. इकडे चूक झाली की तीच चूक तिकडे उमटते. बॅकअप म्हणजे वेगळी ठेवलेली प्रत, जिला रोजच्या कामाचा हात लागत नाही.

यासाठी साधा नियम आहे: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुकानाबाहेर. आपण तो असा पाळावा.

1. रोजचे काम संगणकावर करावे व ते क्लाउडवर सिंक ठेवावे. ही दुकानाबाहेरची प्रत झाली.

2. दर आठवड्याला सर्व फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवाव्यात. मग केबल काढून डिस्क कपाटात ठेवावी. 2017 च्या ‘वॉनाक्राय’सारखा खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या डिस्कवरील फाइलीही कुलूपबंद करतो.

3. महिन्यातून एकदा डिस्कवरील एखादी फाइल उघडून पाहावी. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखी.

गूगलची मोफत जागा 15 जीबी असते. त्यातच मेल आणि फोटोही येतात. जागा भरली की नवी फाइल चढत नाही, म्हणून अधूनमधून पाहावे. खाते मुनीमजींच्या नव्हे, मालकाच्या नावे असावे आणि दुहेरी पडताळणी सुरू ठेवावी.

जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. उधारीची नोंद तर दोघांची अमानत आहे. आज दुकान वाढवण्यापूर्वी एक डिस्क घ्या.