आरोग्य पाठ : थकल्या हृदयाची खूण रक्तात



ऊस वरून हिरवागार दिसला तरी तोडीआधी आपण ब्रिक्स पाहतोच. हृदयाचेही तसेच. कुणाचा मुलगा वसईजवळ सातिवलीला कारखान्यात असतो. वडिलांना धाप लागली, पाय सुजले की तो तिकडे नेऊन तपासण्या करतो. त्यांतली एक ‘एनटी-प्रोबीएनपी’.

हृदयाचा पंप कमजोर झाला, म्हणजे हार्ट फेल्युअर झाले, की कप्प्यांच्या भिंती ताणल्या जातात. त्या ताणाने हा पदार्थ रक्तात उतरतो. त्याचा भाऊबंद बीएनपी जपानी शास्त्रज्ञांनी १९८८ साली प्रथम डुकराच्या मेंदूत शोधला.

बाह्यरुग्णाचा आकडा मिलिलिटरमागे १२५ पिकोग्रॅमच्या आत असेल, तर धापेचे कारण बहुधा दुसरे. दवाखान्यात दाखल रुग्णाचा आकडा घरी सोडताना ३० टक्क्यांहून अधिक उतरला, तर पुढची आशा जास्त. न उतरल्यास जिवाचा धोका अधिक. सोडियम १३५ च्या खाली, क्रिएटिनिन वाढलेले, हिमोग्लोबिन कमी, याही धोक्याच्याच खुणा.

पण आकडा म्हणजे आयुष्याची चिठ्ठी नव्हे. वयाने, मूत्रपिंडाच्या विकाराने तो वाढतो. लठ्ठ माणसात कमी दिसतो. अर्थ डॉक्टरांनीच लावावा.

“आता बरं वाटतंय” म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका. मीठ कमी करा. रोज सकाळी वजन करा. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढले तर लगेच डॉक्टर गाठा. आणि जुने रिपोर्ट ऊस नोंदीच्या पावतीसारखे जपून ठेवा. एका आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय, हे महत्त्वाचे.