मातेरा : दगडातल्या शहराचा धडा



इटलीचा धडा आला की आपण पिसाचा कललेला मनोरा, रोमचं कलोसियम आणि व्हेनिसचे कालवे ही तीन चित्रं दाखवतो आणि पुढे सरकतो. चित्रं छानच आहेत. पण साधी माणसं राहत कुठे होती, पाणी कुठून आणत होती, भाकरीची सोय कशी होत होती, हे त्यातून मुलांना कळत नाही. यंदा त्यांना मातेराला घेऊन जा. इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो हे मुलांना पाठ असतंच. त्या बुटाची टाच आणि चवडा यांच्या मध्ये, बाझिलिकाता नावाच्या प्रांतात हे शहर आहे. लोकसंख्या साधारण ६० हजार, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढं.

तुम्ही बारी या बंदराच्या शहरातून निघालात असं समजा. अरुंद रुळांवरची छोटी गाडी ऑलिव्हच्या बागांमधून दीड-पावणेदोन तासांत मातेराला पोचते. स्टेशनबाहेर पडल्यावर तुम्हाला वाटेल, हे तर साधंच शहर आहे! दुकानं, बँका, चार-पाच मजली इमारती. चालत मुख्य चौकात या. चौकाच्या कडेला तीन कमानी आहेत, त्यांतून खाली डोकवा. पायाखाली अख्खं दुसरं शहर दिसतं. फिकट पिवळसर दगडाची घरं एकमेकांच्या डोक्यावर रचल्यासारखी, खाली खोल दरी, आणि पलीकडच्या कड्यात रिकाम्या गुहांची काळी तोंडं. या जुन्या भागाला 'सास्सी' म्हणतात. सास्सी म्हणजे दगड, खडक. त्याचे दोन भाग आहेत, बारिसानो आणि काव्हेओसो, आणि दोघांच्या मधल्या उंचवट्यावर तेराव्या शतकातलं मुख्य चर्च.

इथे भूगोलाचा तास सुरू करता येतो. गुहा म्हटलं की आपली मुलं लगेच "वेरूळ!" म्हणतील. म्हणू द्या, पण लगेच विचारा, दगड तोच आहे का? वेरूळचा बेसाल्ट ज्वालामुखीच्या लाव्हातून झालेला, टणक. मातेराचा दगड समुद्राच्या तळाशी साचलेल्या शिंपल्यांच्या चुऱ्याचा, मऊ चुनखडीचा. साध्या हत्याराने तो खोदता येतो. त्यामुळे इथे राजाश्रयाची वाट बघावी लागली नाही. शेतकऱ्याने स्वतःच डोंगरात खोली खोदायची आणि निघालेल्या दगडाच्या विटा कापून पुढे भिंत नि कमान बांधायची. एकाचं छप्पर म्हणजे वरच्याचा रस्ता. अशा खोदलेल्या चर्चेसही शहरात आणि आसपास शंभरावर आहेत, काहींच्या भिंतींवर मध्ययुगातली चित्रं अजून टिकून आहेत.

पण माझ्या मते मातेराचा सगळ्यात शिकवण्यासारखा भाग म्हणजे पाणी. दरीच्या तळाशी ग्राविना नावाचा ओढा आहे, पण खूप खोल. रोज तिथून पाणी कोण वाहणार? म्हणून लोकांनी घराघराखाली घंटेच्या आकाराची टाकी खोदली. वर तोंड लहान, खाली पोट मोठं. दगड सच्छिद्र, पाणी झिरपून जाणार. त्यावर उपाय म्हणून आतून चुना आणि मातीच्या भांड्यांचा कूट यांचा गिलावा. छपरावर पडलेलं पावसाचं पाणी पन्हळीतून थेट टाकीत. मुख्य चौकाच्या खाली तर 'पालोम्बारो लुंगो' नावाचा प्रचंड हौद आहे. सुमारे १५ मीटर खोल, ५० लाख लिटर पाणी मावेल एवढा. नळाचं पाणी आल्यावर लोक तो विसरूनही गेले आणि १९९१ मध्ये तो पुन्हा उजेडात आला. आज तुम्ही जिना उतरून आत जाऊ शकता. सातवीच्या मुलांना नुसतं एवढं गणित द्या : आपल्या घरी रोज किती लिटर पाणी लागतं, आणि या हौदात आपल्या शाळेचं किती दिवस भागेल? तास कसा संपला कळणार नाही.

आता जरा अवघड भाग. पालकांनो, हा तुम्हीही मुलांशी घरी बोला.

मातेरा १६६३ पासून १८०६ पर्यंत प्रांताची राजधानी होतं. ते पद गेलं, पण वस्ती वाढतच राहिली. मग तबेल्यात, साठवणीच्या गुहेत, कोरड्या पडलेल्या टाकीतसुद्धा माणसं राहू लागली. व्हिको सोलितारिओ या गल्लीत असं एक गुहाघर जसंच्या तसं मांडून ठेवलेलं आहे, ते जरूर बघा. एकच खोली. उंच पलंग, गादीत मक्याची सालं, पलंगाखाली कोंबड्या. कोपऱ्यात खेचराची गव्हाण. तान्ह्या मुलाला झोपवायला कपाटाचा खण. बाहेरून फोटो काढताना जे रमणीय वाटतं, ते आत गेल्यावर तसं वाटत नाही.

१९३५ मध्ये कार्लो लेव्ही या डॉक्टर आणि चित्रकाराला फॅसिस्ट सरकारने याच प्रांतात हद्दपार केलं होतं. त्याच्या 'ख्रिस्त एबोलीलाच थांबला' या १९४५ च्या पुस्तकात त्याच्या बहिणीने पाहिलेलं मातेरा आहे. हिवतापाने पिवळी पडलेली, डोळे आलेली मुलं. आणि पाहुणीच्या मागे धावत ती खाऊ किंवा पैसे मागत नाहीत, क्विनाइन मागतात. हा प्रसंग वर्गात सांगितलात तर थोडा वेळ शांत राहा. मुलं स्वतःहून प्रश्न विचारतात.

पुस्तकाने इटलीत खळबळ उडाली. 'राष्ट्रीय लाज' असा शब्द पुढाऱ्यांच्या तोंडी आला. १९५० मध्ये पंतप्रधान दे गास्पेरी स्वतः येऊन गेले आणि १९५२ मध्ये खास कायदा झाला : सास्सी रिकामी करायची. सुमारे १५ हजार माणसं पुढच्या दीडेक दशकात नव्या वस्त्यांत गेली. नळ, संडास, खिडक्या, उजेड. बाळं जगू लागली. हे लहानसहान नव्हे, आणि "जुनं तेच चांगलं" असं मुलांना कृपा करून सांगू नका.

पण काही हरवलंही. सास्सीत एका अंगणाभोवती दहा-बारा घरं असत, त्याला 'विचिनातो' म्हणत. शेजार, असंच म्हणा ना. विहीर एक, गप्पा एक, एकमेकींची पोरं सांभाळणं एक. नवी घरं बांधणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. ला मार्तेल्ला हे नवं खेडं आखताना लुदोविको क्वारोनी आणि त्यांच्या सोबतच्या वास्तुरचनाकारांनी हा शेजार तिथे उभा करायचा प्रयत्न केला. तरी सास्सीतला शेजार जसाच्या तसा तिथे जाऊ शकला नाही.

मागे सास्सी ओस पडल्या. कचरा, ढासळलेली छपरं. १९५९ मध्ये काही स्थानिक तरुणांनी 'ला स्कालेत्ता' नावाचं मंडळ काढलं आणि गुहाचर्च शोधून त्यांची नोंद करू लागले. १९८६ मध्ये दुरुस्तीसाठी कायदा, १९९३ मध्ये जागतिक वारसा, २०१९ मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी. जेम्स बाँडची गाडीसुद्धा इथल्या गल्ल्यांतून धावली, ते मुलं तुम्हालाच सांगतील. आज जिथे खेचर बांधलं जाई अशा गुहांत महागडी हॉटेलं आहेत. पडून राहण्यापेक्षा हे बरं, असं मला वाटतं. पण त्या घरात जन्मलेल्या आजोबांना तिथे एक रात्र राहायला किती पैसे पडत असतील, हा विचार डोक्यातून जात नाही.

मोठ्या वर्गात या विषयावर चर्चा घ्या. एक गट आई, एक गट गावातली म्हातारी, एक गट सरकारी अभियंता. वर्ष १९५२. जायचं की राहायचं? मतदान घेऊ नका, प्रत्येकाला फक्त दोन कारणं सांगायला लावा.

लहानांसाठी पावाचा शिक्का. सास्सीतल्या बायका कणीक घरी मळत, पण भट्टी सगळ्यांची एक. पाव ओळखू यावा म्हणून त्यावर लाकडी शिक्का उमटवायचा, त्यावर घरातल्या कर्त्याची आद्याक्षरं. वर मूठ म्हणून कोंबडा किंवा माणूस कोरलेला. रवाळ गव्हाचा तो मोठा पाव आठवडाभर टिके. मुलांना अर्धा बटाटा द्या, आपलं अक्षर कोरायला सांगा आणि मळलेल्या कणकेवर उमटवा. अक्षर उलटं कोरलं तरच सुलटं उमटतं, हे आधी सांगू नका. कोरणी मात्र तुमच्या हातात ठेवा, आणि कणीक घरून कोण आणणार ते आदल्या दिवशी ठरवा.