भिंगांचे गणित

जर्मनीत साले नदीच्या काठी येना नावाचे एक नगर आहे. तेथील विद्यापीठाची स्थापना १५५८ साली झाली. या विद्यापीठाच्या छायेतच, १८४६ साली, कार्ल झाइस नावाच्या तीस वर्षांच्या कारागिराने एक लहानसा कारखाना उघडला. प्राध्यापकांची उपकरणे दुरुस्त करावी, त्यांना हवी तशी नवी घडवून द्यावी, हा त्यांचा व्यवसाय. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक श्लायडेन यांनी त्यांना आग्रह केला की, सूक्ष्मदर्शकांच्या निर्मितीकडे लक्ष द्या. झाइस यांनी तो सल्ला मानला.

त्या काळी सूक्ष्मदर्शक बनविण्याची रीत मोठी विलक्षण होती. कारागीर अनेक लहान लहान भिंगे घासून तयार करी. मग एकावर एक ठेवून तो त्यांतून पाही. प्रतिमा अस्पष्ट दिसली की एखादे भिंग बदली, दोन भिंगांतील अंतर किंचित कमी-अधिक करी आणि पुन्हा पाही. असे करता करता केव्हातरी चांगली जोडी जमून येई. जमली तर का जमली, हे कोणालाच सांगता येत नसे. झाइस तर इतके काटेकोर की, मनास न उतरलेले सूक्ष्मदर्शक ते ऐरणीवर ठेवून स्वतःच्या हाताने फोडून टाकीत, असे सांगतात.

१८६६ साली त्यांच्या कारखान्यातून एक हजारावा सूक्ष्मदर्शक बाहेर पडला. व्यवसायास बरकत होती. तथापि झाइस यांचे समाधान होईना. पूल बांधणारा स्थापत्यकार आधी हिशेब करतो आणि मग दगड रचतो. भिंगांचे तसे का होऊ नये? या प्रश्नाचे उत्तर कारखान्यात मिळण्यासारखे नव्हते. म्हणून ते विद्यापीठातील सव्वीस वर्षांच्या एका अध्यापकाकडे गेले. त्यांचे नाव एर्न्स्ट आबे. आबे हे पदार्थविज्ञान आणि गणित शिकवीत असत.

आबे यांनी प्रथम मोजमापाची नवी साधने तयार केली. काचेत शिरताना प्रकाशकिरण नेमका किती वाकतो, भिंगाची वक्रता किती आहे, हे अचूक कळल्यावाचून हिशेब करणे व्यर्थ होते. नंतर त्यांनी कागदावर किरणांचे मार्ग आखून भिंगांची मापे ठरविली. भिंगाचे तोंड अरुंद ठेवले तर प्रतिमेतील दोष कमी होतात, असे गणित सांगत होते. कारागिरांनी त्या मापाबरहुकूम भिंगे घासली.

आणि ती जुन्या भिंगांपेक्षा वाईट निघाली! प्रतिमेत दोष नव्हते हे खरे. परंतु अंदाजाने जुळविलेल्या भिंगांतून ज्या बारीक रेघा स्पष्ट दिसत, त्या या शास्त्रशुद्ध भिंगांतून मुळीच दिसेनात. झाइस यांचा पैसा आणि कित्येक वर्षांचे श्रम यांत गुंतलेले होते. दुसऱ्या एखाद्या कारखानदाराने हिशेबाचे कागद गुंडाळून ठेवले असते. झाइस यांनी आबे यांची साथ सोडली नाही.

आबे यांनी अपयशाचे कारण शोधण्यास आरंभ केला. प्रकाश हा लहरींच्या रूपाने जातो. अतिशय बारीक रेघांतून जाताना तो सरळ न जाता बाजूंनाही फाकतो. रेघा जितक्या जवळजवळ, तितका हा फाकणारा प्रकाश अधिक दूर जातो; आणि त्या रेघांची ओळख पटविणारी खूण या फाकलेल्या प्रकाशातच असते. दगडावर पडलेली पाण्याची धार चोहोकडे उडाली, तर अरुंद तोंडाच्या तांब्यात त्यातील थोडेच पाणी सापडते. अधिक धरावयाचे तर रुंद परात पाहिजे. भिंगाचेही तसेच. अरुंद भिंगाने फाकलेला प्रकाश गमावला होता, म्हणून रेघाही गमावल्या होत्या.

हे कळल्यावर मार्ग मोकळा झाला. १८७२ पासून झाइस यांच्या कारखान्यातील सूक्ष्मदर्शकांची भिंगे हिशेबाने बनू लागली. पुढच्याच वर्षी आबे यांनी आपला सिद्धांत प्रसिद्ध केला. त्यातून एक मर्यादाही स्पष्ट झाली. प्रकाशलहरीच्या लांबीच्या सुमारे निम्म्याहून, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाहून, जवळ असलेले दोन बिंदू साध्या सूक्ष्मदर्शकातून वेगळे दिसणार नाहीत, भिंग कितीही उत्तम असो. चकाकणाऱ्या रेणूंच्या युक्तीने ही मर्यादा ओलांडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आबे यांचे सूत्र येना येथील त्यांच्या स्मारकावर कोरलेले आहे.

यानंतर वस्तू आणि भिंग यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवून अधिक प्रकाश गोळा करणारी भिंगे निघाली. अशा भिंगांच्या आणि आबे यांनी योजिलेल्या प्रकाशसाधनाच्या साह्याने रॉबर्ट कॉख यांनी रोगजंतूंचा शोध चालविला. १८८२ साली त्यांनी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला.

तरी एक अडचण उरलीच होती. प्रतिमेच्या कडेला दिसणारी रंगीत झालर उपलब्ध काचेने जाईना. ओटो शॉट या रसायनशास्त्रज्ञाने १८७९ साली नव्या प्रकारच्या काचेविषयी आबे यांना पत्र लिहिले. १८८४ साली या तिघांनी येना येथे काचेचा कारखाना काढला आणि दोनच वर्षांत जवळजवळ निर्दोष रंगांची प्रतिमा देणारी भिंगे तयार झाली.

आबे आता कारखान्याचे भागीदार झाले होते. १८८८ साली झाइस निवर्तले. पुढच्याच वर्षी आबे यांनी मित्राच्या नावाने एक निधी स्थापिला, आणि १८९१ मध्ये कारखान्यातील आपला हिस्सा त्यास देऊन टाकला. नफ्याचा काही भाग विद्यापीठाकडे जावा, अशी त्यात तरतूद होती. हा निधी आजही दोन्ही उद्योगांचा धनी आहे.

आबे यांचे वडील सूतगिरणीत कामगार होते. दिवसाकाठी चौदा-चौदा, सोळा-सोळा तास त्यांना यंत्रापाशी उभे राहावे लागे. लहानगा एर्न्स्ट दुपारी त्यांचे जेवण घेऊन जाई. वडील यंत्राला टेकून उभ्यानेच चार घास खात आणि रिकामे भांडे मुलाच्या हाती देऊन पुन्हा कामाला लागत. १९०० साली आबे यांनी आपल्या कारखान्यातील कामाचे तास नवावरून आठ केले. येथेही त्यांनी अंदाजावर विसंबणे पसंत केले नाही. नऊ तासांच्या वर्षातील काम आणि आठ तासांच्या वर्षातील काम यांचा त्यांनी बारकाईने हिशेब मांडला. काम कमी झाले नव्हते. ते किंचित वाढलेच होते.